गावात दिव्यांग किती? मोजणीची दीडशे वर्षं



आज मी तुम्हाला एका मोजणीची गोष्ट सांगणार आहे. बचतीची मोजणी आपल्याला पाठ आहे. महिन्याच्या बैठकीत दहा रुपये कमी पडले तरी हिशेब जुळेपर्यंत आपण उठत नाही. ही मोजणी मात्र माणसांची आहे. आपल्या देशात दिव्यांग माणसं किती, हे गेल्या दीडशे वर्षांत कोणी मोजलं, कसं मोजलं, आणि दर वेळी आकडा वेगळाच का आला, ते पाहू या.

सुरुवात माझ्या घरापासून करते, कारण या हिशेबातली एक चूक माझ्या घरात झालेली आहे.

२०११ सालचा फेब्रुवारी महिना होता. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. जनगणनेचे गुरुजी कागदांची पिशवी घेऊन ओसरीवर बसले. सासूबाई एकेक उत्तर देत होत्या. नावं झाली, वयं झाली, आणि गुरुजींनी विचारलं, "घरात कोणी अपंग आहे का, मावशी?" सासूबाई म्हणाल्या, "नाही गुरुजी, देवाच्या दयेनं सगळे धडधाकट हायेत." त्याच वेळी माझी नणंद मागच्या अंगणात तूर पाखडत बसली होती. तिला लहानपणापासून ऐकू कमी येतं. तिचं बोलणंही घरच्यांनाच तेवढं समजतं. मी चहाचा कप गुरुजींपुढे ठेवला आणि गप्प राहिले.

मी सासूबाईंना दोष देत नाही. त्या महिन्यात वैजापूरकडचं एक स्थळ येणार होतं. गुरुजी चार गावं फिरणारे, कुठे बोलले तर? पुढे पाहुणे आले, चहा-पोहे झाले, पाच मिनिटांत त्यांच्या सगळं लक्षात आलं आणि ते उठून गेले. पाहुण्यांना जे पाच मिनिटांत कळलं, ते देशाच्या हिशेबात मात्र लागलं नाही.

आता मागे जाऊ या. आकडे कोटी-लाखांत आले की आपल्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून आपण एक गाव धरू, दोन हजार वस्तीचं. आपल्या गंगापूर तालुक्यात अशी गावं कितीतरी आहेत. प्रत्येक वेळी बघू, की देशाचं जे प्रमाण निघालं, त्या हिशेबानं या गावात किती माणसं येतात.

इंग्रजांनी देशातली पहिली मोठी शिरगणती १८७२ मध्ये केली, पण ती सगळीकडे एका वेळी झाली नाही. सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. त्या काळी आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातली पहिली जनगणनाही १८८१ चीच. दरबारी भाषेत तिला मर्दुमशुमारी म्हणत. इंग्रजी मुलखातल्या मराठी माणसाच्या तोंडी खानेसुमारी हा शब्द होता.

या मोजणीत पहिल्यापासून व्यंगाचा एक रकाना होता. ही पद्धत विलायतेतून आलेली. इंग्लंडच्या १८५१ च्या जनगणनेत आंधळे आणि मुके-बहिरे मोजले होते. आपल्याकडे चार प्रकार धरले. त्या काळचे शब्द कठोर आहेत, पण इतिहास सांगायचा तर ते सांगावे लागतात: दोन्ही डोळ्यांनी आंधळा, जन्मतः मुका-बहिरा, वेडा आणि महारोगी. मोजणाऱ्याला ताकीद असे, की एकाच डोळ्यानं आंधळा असलेला माणूस लिहू नये आणि पांढरं कोड असलेला महारोगी म्हणून लिहू नये.

या यादीत कोण नाही, ते बघा. लंगडा नाही, पांगळा नाही. मोटेवरून पडून कंबर मोडलेला नाही, चरकात हात गेलेला नाही. शेतीच्या देशात हात-पाय गेलेला माणूस सरकारच्या रकान्यातच बसत नव्हता. ज्यांना मोजत होते, त्यांनाही सगळ्यांना मदतीसाठी मोजत नव्हते. महारोग्यांची तर सरकारला धास्ती होती. १८९८ मध्ये कायदा झाला, की निराधार महारोग्यांना धरून वेगळं ठेवता येईल. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. ज्या यादीत नाव गेलं की माणसाला उचलून नेतील अशी भीती, त्या यादीत कोण आपलं नाव देईल? लोकांनी लपवलं. जनगणनेच्या जुन्या अहवालांत अधिकारी स्वतःच लिहून ठेवतात, की हे आकडे कमी आहेत, लोक सांगत नाहीत, आणि सगळ्यांत जास्त लपवल्या जातात त्या घरातल्या बायका, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची ओसरी दिसली.

१९३१ मध्ये या चारही प्रकारांची देशभरातली बेरीज अकरा लाखांच्या आसपास भरली. त्यात सहा लाखांच्या आसपास आंधळे होते. लोकसंख्या तेव्हा सुमारे ३५ कोटी. म्हणजे आपल्या दोन हजारांच्या गावात सहा माणसं.

त्यानंतर हा रकानाच गेला. १९४१ ची जनगणना महायुद्धाच्या धामधुमीत आटोपती घेतली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि १९५१ मध्ये आपण स्वतंत्र देशाच्या जनगणनेत पहिल्यांदा मोजले गेलो. पण त्या जनगणनेत दिव्यांगांबद्दल प्रश्न नव्हता. १९६१ मध्ये नव्हता, १९७१ मध्येही नव्हता. आकडे खरे येत नाहीत, मग विचारायचंच कशाला, असा विचार झाला. गटाचं रजिस्टर नीट लिहिलं जात नाही म्हणून रजिस्टरच बंद करावं, तसं हे झालं.

ही पन्नास वर्षं रिकामी गेली, पण गावात माणसं होतीच. पोलिओनं पाय गेलेली लेकरं याच काळातली. विहिरीच्या कामावर सुरुंगानं जखमी झालेले, मळणी यंत्रात, कडबा कुट्टीत हात गेलेले याच काळातले. पुढे वाळूजला कारखाने आले आणि प्रेस मशीनखाली बोटं गेलेली तरुण पोरं गावाकडे परतू लागली. तुमच्या माहितीत असा एक तरी असेलच.

१९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी जगभर अपंग वर्ष म्हणून पाळायला सांगितलं. मग आपल्या जनगणनेत पुन्हा प्रश्न आला. पण कसा? घरयादी करताना विचारलं, की घरात कोणी पूर्ण आंधळा, पूर्ण पांगळा किंवा पूर्ण मुका आहे का. सगळा खेळ त्या 'पूर्ण' शब्दात झाला. एक पाय ओढत चालणारी बाई पूर्ण पांगळी नाही. अंधुक दिसणारा म्हातारा पूर्ण आंधळा नाही. मनाचे आजार तर विचारलेच नाहीत. आकडा आला ११ लाख १८ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ०.१६ टक्के. आपल्या गावात तीन माणसं. १९३१ मध्ये सहा होती, पन्नास वर्षांनी तीन!

गंमत पुढेच आहे. त्याच १९८१ साली सरकारच्याच राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं निवडक घरांत जाऊन जरा सविस्तर विचारलं. त्यांचा अंदाज निघाला सुमारे १ कोटी २० लाख, म्हणजे १.८ टक्के. आपल्या गावात ३६ माणसं. देश एक, वर्ष एक, सरकारही एक. एका मोजणीत तीन आणि दुसरीत छत्तीस. फरक पडला तो विचारण्यामुळे.

१९९१ मध्ये प्रश्न पुन्हा गायब झाला. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. त्यात सात प्रकार धरले आणि नोकरीत ३ टक्के राखीव जागा ठेवल्या. पण तीन टक्के कशाचे, माणसं किती, तेच कुणाला नक्की सांगता येईना. तेव्हा दिव्यांगांच्या संघटनांनी मागणी लावून धरली, की २००१ च्या जनगणनेत आम्हाला मोजा. या पाठपुराव्यात जावेद आबिदी हे नाव ठळक आहे. ते स्वतः चाकाच्या खुर्चीवरून कामं करत. सरकारदरबारी हेलपाटे झाले आणि शेवटी प्रश्न आला.

२००१ मध्ये पाच प्रकार विचारले: दिसणं, बोलणं, ऐकणं, हालचाल आणि मानसिक. आकडा आला २ कोटी १९ लाख, २.१३ टक्के. आपल्या गावात ४३ माणसं. तीनाची त्रेचाळीस झाली! वीस वर्षांत देशात अशी काही साथ आली नव्हती. ती माणसं आधीपासून होती. फक्त या वेळी त्यांच्याबद्दल विचारलं गेलं.

२०११ मध्ये आठ प्रकार केले आणि हा प्रश्न अर्जात पंधराव्या क्रमांकावरून नवव्या क्रमांकावर आणला, म्हणजे विचारता विचारता राहून जाऊ नये. आकडा आला २ कोटी ६८ लाख, २.२१ टक्के. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार, म्हणजे २.६४ टक्के. राज्याच्या हिशेबानं आपल्या गावात ५३ माणसं.

या दोन मोजण्यांमधली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००१ मध्ये दृष्टीची अडचण असलेले देशात १ कोटी ६ लाख होते. २०११ मध्ये ते ५० लाख झाले. दहा वर्षांत निम्म्या लोकांची दृष्टी परत आली का? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिबिरं खूप झाली हे खरं, पण मधल्या काळात नियमही बदलले होते. एका डोळ्यानं न दिसणारा माणूस २००१ मध्ये धरला होता, २०११ मध्ये तो वगळला. कानाला यंत्र लावणाऱ्याचं उलटं झालं. २००१ मध्ये तो वगळला होता, २०११ मध्ये धरला. आठवतं का, १८८१ च्या काळातही एका डोळ्याचा माणूस लिहायचा नाही अशीच ताकीद होती. म्हणजे एका डोळ्याचा आपला एखादा काका एका मोजणीत आत आणि दुसरीत बाहेर. त्याचा डोळा तसाच होता, व्याख्या बदलली.

पुढे २०१६ मध्ये नवा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात प्रकार सातावरून एकवीस झाले. सिकल सेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता, शिकण्यातली विशिष्ट अडचण, कंपवात, ठेंगणेपणा, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाया, या सगळ्यांना कायद्यानं जागा मिळाली. २०१८ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण झालं, त्याचं उत्तर २.२ टक्के आलं. म्हणजे गावात ४४. त्यातल्या फक्त २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होतं. ४४ पैकी १३ जणांकडे कागद, बाकी ३१ जण कागदाविना.

आता जगाकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं, की जगातली १३० कोटी माणसं, म्हणजे १६ टक्के, दिव्यांगत्व घेऊन जगतात. या हिशेबानं आपल्या गावात ३२० माणसं येतील. ऑस्ट्रेलियात तर पाचातला एक जण दिव्यांग मोजला जातो. तिथली माणसं आपल्यापेक्षा दुबळी आहेत का? नाही. तिथे म्हाताऱ्यांची संख्या जास्त आहे, हे एक कारण. दुसरं म्हणजे तिथे विचारतात वेगळं. "तुम्ही अपंग आहात का" असं न विचारता "तुम्हाला रोजच्या कामात काय अडचण येते" असं विचारतात.

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं २००१ पासून एका गटानं असे सहा सोपे प्रश्न तयार केले आणि ते आता बऱ्याच देशांत वापरतात. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? यंत्र लावूनही ऐकायला अडचण येते का? चालायला, पायऱ्या चढायला अडचण येते का? आठवायला, लक्ष लागायला? अंघोळ, कपडे अशी स्वतःची कामं करायला? आपल्याच भाषेत दुसऱ्याचं समजून घ्यायला आणि आपलं सांगायला? उत्तरं चार: अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, अजिबात जमत नाही. 'खूप' किंवा 'अजिबात नाही' असं एक जरी उत्तर आलं, तरी त्या माणसाला धरायचं.

मी हे आमच्या एका गटाच्या बैठकीत करून पाहिलं. अकरा जणी हजर होत्या. आधी विचारलं, "कोणाच्या घरात दिव्यांग आहे?" एकही हात वर झाला नाही. मग हे सहा प्रश्न एकेक करून विचारले. एकीची सासू रात्री बाहेर जाताना भिंत धरून चालते. एकीचा नवरा लहानपणच्या पोलिओमुळे पायरी चढताना हाताचा टेकू घेतो. एकीचा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला अजून अंघोळ घालावी लागते. बोलता बोलता अकरापैकी चार घरं निघाली. कुणी खोटं बोललं नव्हतं. "ते वयाचं आहे," "त्याचं चालून जातं," "तसं काही नाही हो ताई," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आपण दुःखाला सवयीचं नाव देऊन टाकतो आणि मग ते मोजायचं राहून जातं.

यात सर्वांत जास्त राहतात त्या बायका. २०११ च्या मोजणीत दिव्यांग पुरुष दीड कोटी आणि स्त्रिया १ कोटी १८ लाख. जगभराच्या पाहण्यांत मात्र स्त्रियांमध्ये दिव्यांगत्वाचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघतं. आपल्याकडे ते उलटं का? काही मुली जगतच नाहीत, काही औषधाविना जातात, आणि काहींना आपण मागच्या अंगणात बसवतो. ज्या मोजल्या गेल्या, त्यांचीही स्थिती बघा. दिव्यांग पुरुषांत ६२ टक्के साक्षर होते, स्त्रियांत ४५ टक्के.

माझ्या नणंदेला प्रमाणपत्र मिळालं ते जनगणनेच्या त्या सकाळनंतर आठ वर्षांनी. कानाची तपासणी झाली, यंत्र मिळालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे यंत्र दोन-तीन वर्षांच्या वयात मिळालं असतं तर बोलणं बरंच स्पष्ट आलं असतं. सासूबाई घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. रात्री भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "मला वाटलं, नाही म्हणलं की नसतंय." मला तेव्हाही काही बोलता आलं नाही, कारण चहा घेऊन मीही तिथेच उभी होते.

एक गोष्ट नीट समजून घ्या. जनगणनेत नाव सांगितलं म्हणून कुणाला लगेच पैसे मिळत नाहीत. पेन्शन, एसटीची सवलत, राखीव जागा यांसाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागतं, ते वेगळं काढावं लागतं. मग जनगणनेचा उपयोग काय? तपासणीची सोय किती ठिकाणी हवी, खास शिक्षक किती, कानाची यंत्रं किती, हे सरकार आकड्यावरून ठरवतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. "आमच्या गावात दोनच आहेत" असं उत्तर ग्रामसभेत मिळालं, तर आपल्याला म्हणता आलं पाहिजे, "दोन नाहीत, ही घ्या यादी."

२०२१ ची जनगणना करोनामुळे राहिली. १६ जून २०२५ ला नव्या जनगणनेची अधिसूचना निघाली. आपल्याकडे १ मार्च २०२७ ही तारीख धरून माणसं मोजायची आहेत, म्हणजे मोजणारे फेब्रुवारीत दारात येतील. त्या वेळी दिवसा घरी कोण असतं? आपण. दार उघडणार आपण, उत्तर देणार आपण. म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली, भिऊ नका. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे आपण दिलेली माहिती गुप्त राहते. ती कुणाला दाखवता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. गुरुजींनाही ती कुठे बोलण्याची मुभा नाही.

दुसरी, "घरात कोणी आहे का" असा एकच प्रश्न सगळ्या घरासाठी विचारला, तर थांबवा. २०११ च्या अर्जातही हा प्रश्न प्रत्येक माणसासाठी वेगळा होता. आमच्याकडे तो घाईत एकदाच विचारला गेला. एकेकाचं नाव घेऊन विचारायला सांगा. म्हाताऱ्या सासूचं, अंथरुणावरच्या सासऱ्याचं, लेकराचं आणि स्वतःचंही उत्तर द्या.

तिसरी, तोवर हातावर हात ठेवून बसू नका. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की ते सहा प्रश्न विचारा. 'खूप अडचण' असं उत्तर आलेल्यांची नावं, त्यांची परवानगी घेऊन, रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहा. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यांच्यासाठी ग्रामसंघात विषय घ्या. एकटीनं जिल्हा रुग्णालयात जायला भीती वाटते, पाच जणी मिळून गेल्या की गाडीभाडंही वाटलं जातं.

आमच्या घरी हे ठरलं आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये मोजणारे आले की सासूबाई नणंदेला ओसरीवर बोलावणार आहेत. कानाला यंत्र लावून ती समोर बसेल. तिचं बोलणं समजलं नाही तर मी सांगेन, पण आधी प्रश्न तिला विचारायचा.